अपडेटनंतर फोन आपोआप डेटा संपवतो, आणि तुमचा माणूस मला विचारतो ‘रील बघता का?’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय : सिस्टिम अपडेटनंतर मोबाइल डेटाचा आपोआप होणारा वापर, आणि तक्रार करणाऱ्या ग्राहकाला दिलेली वागणूक

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवरच्या माणसाने माझं बोलणं मध्येच तोडलं, ‘आपला दिवस शुभ जावो’ म्हणाला आणि फोन ठेवून दिला. यापुढे मी तुमच्याशी तोंडी काही बोलणार नाही. जे आहे ते लेखी देते आहे, उत्तरही लेखीच पाहिजे.

अपडेट तुम्ही पाठवलंत. त्यात काय भरलंय ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे फोन कसा चालतो हे मी तुम्हाला समजावत बसत नाही. काय घडलं तेवढं सांगते.

माझं रिचार्ज रोज दीड जीबीचं आहे. अपडेटच्या आधी दिवसभर अंगणवाडीचं सगळं काम करून, रात्री लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलूनही त्यातला बराच डेटा उरायचा. अपडेट झाल्यापासून मी सकाळी उठायच्या आत निम्मा संपलेला असतो. रात्री बाराला नवा डेटा सुरू होतो. त्यानंतर दोनच्या सुमाराला सिमकंपनीचा ५० टक्के संपल्याचा मेसेज येतो आणि सकाळी नऊच्या आत ९० टक्क्यांचा. रात्री दोनला फोन उशाशी पडलेला असतो, स्क्रीन बंद, घरातले सगळे झोपलेले. मेसेज सिमकंपनीचे आहेत, त्यावर वेळ आहे, आणि ते मी एकही पुसलेले नाहीत.

दीड जीबी संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. तुम्ही फोन बनवता, हिशोब तुम्हालाही येतो : एक एमबी पाठवायला दोन मिनिटांहून जास्त. मी अंगणवाडी सेविका आहे. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये रोजची हजेरी, मुलांची वजनं-उंची, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी, सगळं मोबाइलवर भरावं लागतं. २०२५ च्या जुलैपासून घरपोच आहार (घरी न्यायचं आहाराचं पाकीट) द्यायचा तर लाभार्थी बाईचा चेहरा फोनसमोर धरून ओळख पटवावी लागते. ओळख पटली नाही तर नोंद होत नाही, आणि नोंद नाही तर तिला पाकीट दिलं असं मला दाखवता येत नाही. सातवा महिना लागलेली बाई ऊन डोक्यावर घेऊन वाडीवरून उतरून येते, आणि मी तिच्या तोंडासमोर फोन धरून उभी राहते. चक्र फिरतं, थांबतं, पुन्हा फिरतं. ती विचारते, ‘बाई, माझं नाव कमी केलं का?’ तिला मी काय सांगू? की तुमच्या कंपनीने रात्री माझा डेटा संपवला?

मग मी स्वतःच्या पैशाने वरचा एक जीबी, म्हणजे टॉप-अप, घेते. वीस रुपयांच्या आसपास पडतो. तुमच्या मुख्य कार्यालयात ही रक्कम कुणाच्या लक्षातही येणार नाही. मानधनावर घर चालवणाऱ्या बाईच्या लक्षात येते, कारण ती एकदा नाही, पुन्हा पुन्हा जाते आणि कुठल्याच बिलात दाखवता येत नाही.

आता कारण. ते तुम्ही मला सांगायला हवं होतं, ते मी शोधलं. सेटिंगमध्ये डेटा वापराची यादी उघडली. त्यात प्रत्येक अ‍ॅप समोर असताना किती डेटा घेतं आणि पाठीमागे किती घेतं हे वेगवेगळं दिसतं. माझं पोषण ट्रॅकर, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, तिन्ही मिळून महिन्याचा आकडा आधीसारखाच. यादीत सर्वांत वर तुमची लॉक स्क्रीनवर रोज नवी चित्रं आणि बातम्या आणणारी सेवा, तिच्या खाली तुमचं स्वतःचं अ‍ॅप स्टोअर, त्याखाली एक सिस्टिम सेवा जिच्या नावावरून काहीच उमगत नाही. तिघांचाही समोरचा वापर जवळजवळ शून्य. सगळा पाठीमागचा. लॉक स्क्रीनची ती सेवा मी फोन घेतला त्याच दिवशी बंद केली होती. अपडेटनंतर ती चालू होती. मला न विचारता कुणीतरी चालू केली, आणि तो कुणीतरी तुम्हीच आहात, कारण फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेला नाही.

मी ती परत बंद केली. दुसऱ्या दिवशी फोन बंद करून चालू केला तर ती परत चालू! अ‍ॅपचा पाठीमागचा डेटा अडवणारा डेटा सेव्हर लावला. त्यात ही सिस्टिम सेवा ‘अनिर्बंध डेटा’ मिळणाऱ्यांच्या यादीत आधीच बसलेली, आणि तिच्यासमोरचं बटण करडं, दाबलं तरी हलत नाही. माझ्या पैशाचा डेटा, माझ्या नावाचं सिम, माझा फोन, आणि बंद करायचं बटण मला दाबता येत नाही. घरातले सगळे दिवे मालवलेले असताना विजेचा मीटर गरगर फिरत असेल तर माणूस वीज मंडळात जाऊन विचारतो. मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही मला रील बघते म्हणालात.

सिमकंपनीकडे बोट दाखवण्याआधी हेही वाचा. हेच सिम काढून मी पुतण्याच्या जुन्या, दुसऱ्या बनावटीच्या फोनमध्ये घातलं आणि दिवसरात्र तसंच ठेवलं. रात्री एकही मेसेज आला नाही. सकाळी डेटा पूर्ण होता. सिम परत तुमच्या फोनमध्ये घातलं, त्या रात्री परत ५० टक्के. आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?

हे सगळं मी तुमच्या संगमनेरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं. राजूरच्या पुढच्या गावातून एसटीने संगमनेर गाठायचं म्हणजे अंगणवाडीला रजा टाकावी लागते. महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून खर्च निम्मा होतो, दिवस निम्मा होत नाही. काउंटरवरच्या मुलाने फोन हातात घेऊन दोन मिनिटं चाळला आणि म्हणाला, ‘अपडेटनंतर फोन ऑप्टिमाइझ होतो, थोडे दिवस लागतात.’ अ‍ॅप ऑप्टिमाइझ होणं हे फोनच्या आतलं काम आहे, त्याला रात्री बाराला शेकडो एमबी उतरवायची गरज नाही. हे मला आमच्या तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने सांगितलं, ज्याच्याकडे तुमचं प्रमाणपत्र नाही. मी तेच त्या मुलाला म्हटलं, तर तो म्हणाला, ‘मग फॅक्टरी रिसेट मारू का?’ मारू का! त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं : मुलांचे फोटो, गावाच्या नोंदी, पर्यवेक्षिकांचे मेसेज. बॅकअप घ्यायचा तर त्यालाही डेटा लागतो, जो तुम्ही रात्रीच संपवलेला. जॉबशीट, म्हणजे तक्रार घेतल्याचा कागद, मागितलं तर म्हणाला, ‘फोनमध्ये फॉल्ट नाही, जॉबशीट कशाचं देऊ?’ म्हणजे तक्रार घेतलीच नाही, आणि पुढे कुणी विचारलं तर तक्रार आलीच नव्हती म्हणायला मोकळे.

आणि आता आजचा फोन. हा मी शब्दाशब्दाने लिहिते आहे, कारण तुम्ही सगळे कॉल रेकॉर्ड करता असं सुरुवातीला सांगता. रेकॉर्डिंग काढा आणि ऐका.

मराठीसाठीचा आकडा दाबला, हिंदी बोलणारा माणूस मिळाला. मी हिंदीत सांगितलं, मला येते. त्याने पहिल्यांदा विचारलं, वायफाय का वापरत नाही? मी म्हटलं, गावात वायफाय नाही. तो म्हणाला, मग शेजारी वापरा. मी म्हटलं, अहो, शेजारीही नाही, आमच्या वाडीत मोबाइलची रेंज तेवढी येते. तो थोडा थांबला आणि मग विचारलं, ‘मॅडम, घरात लहान मुलं आहेत का? मुलं गुपचूप गेम खेळतात, पालकांना कळत नाही.’ मी म्हटलं, माझी मुलगी शिकायला पुण्याला आहे, घरी मी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना फोन उचलता येतो, लावता येत नाही. तर म्हणाला, ‘मग तुम्ही झोपण्याआधी रील वगैरे बघत असाल. बऱ्याच बायकांना लक्षात येत नाही किती वेळ गेला.’

मी त्याला म्हटलं, रात्री दोन वाजता? तो म्हणाला, ‘ऑटोप्ले चालू राहतं, मॅडम.’ मी म्हटलं, स्क्रीन बंद असते, आणि माझ्यासमोर यादी आहे, त्यात तुमच्याच कंपनीची सेवा सर्वांत वर आहे, मी नाव वाचून दाखवते. मी नाव वाचलं. अंक वाचला. तो म्हणाला, ‘ते सिस्टिमचं आहे, त्याकडे लक्ष देऊ नका.’ मी म्हटलं, त्याच्याकडेच लक्ष द्यायला मी फोन केलाय. तेव्हा त्याने जे म्हटलं ते मी विसरणार नाही : ‘मॅडम, हा फोन तुम्हाला जमत नसेल तर साधा बटणांचा फोन घ्या, त्यात डेटाचा प्रश्नच येत नाही.’

गावातल्या प्रत्येक मुलाचं वजन ग्रॅमपर्यंत त्याच फोनमध्ये मी भरते. कुठलं मूल सॅममध्ये (तीव्र कुपोषणात) गेलं, कुठलं मॅममध्ये (मध्यम कुपोषणात) आलं, हे त्याच फोनवरून वर जातं. आणि मला फोन जमत नाही असं मला सांगणारा माणूस तुमच्या पगारावर आहे. मी वरिष्ठांशी बोलायचंय म्हटलं. ‘वरिष्ठही हेच सांगतील,’ म्हणाला, आणि शुभ दिवस देऊन फोन ठेवला. संध्याकाळी मेसेज आला, तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आम्हाला पाचपैकी किती गुण द्याल.

मला राग रीलचा नाही. राग ह्याचा आहे की पुरावा हातात असताना तुम्ही आधी ग्राहक बाईच्या सवयी तपासल्या आणि स्वतःचं अपडेट तपासलं नाही.

तुमच्याबद्दल मला विश्वास होता, हेही लिहिते. माझ्या बीटमधल्या (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांमधल्या) बऱ्याच सेविकांनी मला विचारून तुमचाच फोन घेतला. बॅटरी टिकते, उन्हात स्क्रीन दिसते, किंमत झेपते, असं मीच त्यांना सांगितलं होतं. आता मासिक बैठकीत त्यांच्यातल्या काहीजणी हीच तक्रार सांगतात. रात्री डेटा बंद करून झोपा असं मी त्यांना सांगितलंय. पण गावात रात्री कुणाला कळा आल्या तर आशाताईंचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. डेटा बंद ठेवला तर तो पोचत नाही. तुमच्या लॉक स्क्रीनवरच्या चित्रांसाठी आम्ही हा धोका पत्करायचा का?

अपडेट म्हणजे दुरुस्ती, असं ग्राहक समजतो आणि ‘स्वीकार’ दाबतो. अपडेटच्या आडून ग्राहकाचं नुकसान केलं म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दोन मोठ्या मोबाइल कंपन्यांना दंड ठोठावला होता. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. त्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठल्याही शहरात असो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही. त्याआधी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवणार आहे. हे वकिलाने सांगितलेलं नाही, मी स्वतः वाचलंय, त्याच फोनवर, डेटा शिल्लक असलेल्या एका दुपारी.

मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत. ह्या अपडेटने कोणत्या सेवा आपोआप चालू केल्या आणि मी आधी बंद केलेली सेवा कुणाच्या परवानगीने परत चालू केली. त्या सिस्टिम सेवेचं काम काय, ती रात्री काय उतरवते आणि कुठे पाठवते. ती मोबाइल डेटावर बंद करायचं बटण मला मिळालं पाहिजे, आणि ते पुढच्या अपडेटने पुसलं जाता कामा नये. संगमनेरच्या सेंटरने जॉबशीट द्यावं, फॅक्टरी रिसेटची अट न घालता. अपडेट झाल्यापासून मी घेतलेल्या टॉप-अपची रक्कम परत करावी, रिचार्जच्या नोंदी जोडल्या आहेत. आणि ज्या माणसाने मला बटणांचा फोन घ्या म्हटलं त्याला आधी ही डेटा वापराची यादी वाचायला शिकवा, मगच ग्राहकांशी बोलायला बसवा. त्याच्या नोकरीवर गदा आणा असं मी म्हणत नाही. त्याला हातात जे लिहून दिलंय तेच तो वाचत होता, आणि ते लिहून देणारे तुम्ही आहात.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ आणि त्यानंतर अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बीटमधल्या ज्या सेविकांना हाच त्रास आहे त्या स्वतःच्या सहीने सोबत येणार आहेत. ‘तक्रार सोडवण्यात आली आहे’ हा मेसेज मला परत पाठवू नका.

एक अंगणवाडी सेविका
ता. अकोले, जि. अहिल्यानगर

सोबत : डेटा वापराच्या यादीचे स्क्रीनशॉट, सिमकंपनीच्या मेसेजच्या प्रती, टॉप-अपच्या नोंदी, फोनच्या खरेदीची पावती