गिटार आधी वायर न जोडता ऐका

माननीय संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्याने गिटार शिकणाऱ्यांना सल्ला दिला होता की थोडे पैसे जास्त पडले तरी पहिलीच गिटार पिकअपवाली, म्हणजे तारांच्या थरथरीची वीज करून ॲम्पला पाठवणारी सोय असलेली इलेक्ट्रो-अकूस्टिक घ्यावी. घरीही चालते, स्टेजवरही चालते. तो वाचून आमच्या शाळेतल्या पालकांचे मला फोन आले, "बाई, तुम्ही वाजवता म्हणून विचारतो, तीच घ्यायची का?" दुकानातही हाच सल्ला मिळतो आणि क्लासमध्येही. तो सगळ्यांना लागू नाही, असं माझं ठाम मत आहे आणि त्याची कारणं सविस्तर मांडावीत म्हणून हे पत्र.

मी रत्नागिरी तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. चाळिशी उलटल्यावर गिटार हातात घेतली. परिपाठाचं समूहगीत, वर्गातल्या कविता आणि स्नेहसंमेलनात मुलांना साथ, एवढ्यासाठी मी वाजवते. स्नेहसंमेलनात मंडपवाल्याच्या मिक्सरला गिटार जोडावी लागते, त्यामुळे पिकअपची गरज मला खरोखरच होती. यामाहाची एफएक्स २८०, त्यांचीच लहान अंगाची एफएसएक्स ८०सी, पातळ अंगाची एपीएक्स ६०० आणि कॉर्टची एडी ८१० ई अशी नावं मी लिहून नेली होती. नवशिक्यांना साधारण याच गिटारी सुचवल्या जातात.

कोल्हापूरच्या एका दुकानात गिटार माझ्या मांडीवर टेकते न टेकते तोच मुलाने केबल खोचली, ॲम्प सुरू केला आणि वर रिव्हर्ब चढवला. देवळाच्या गाभाऱ्यात वाजवल्यासारखा आवाज आला. दुसरी गिटार जोडली, तसाच. तिसरी, तसाच. मग मी केबल काढायला सांगितली आणि त्याच तीन गिटारी नुसत्या वाजवल्या. एकीचा खर्ज छातीला जाणवत होता, दुसरी पत्र्याच्या डब्यासारखी बोलत होती, तिसरीचा आवाज गोड पण दोन हातांवर विरून जात होता. ॲम्पमधून हा फरक जवळजवळ दिसलाच नव्हता.

असं का होतं, हे समजून घेतलं की निवड सोपी होते. या किमतीतल्या बहुतेक गिटारींत घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीखाली, म्हणजे सॅडलखाली, पिझोची एक बारीक पट्टी असते. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. तेच तत्त्व इथे वापरलेलं आहे. तार थरथरते, सॅडलवरचा दाब बदलतो, त्याची वीज होते आणि खोक्याच्या कडेला बसवलेला प्रीॲम्प ती मोठी करून बाहेर पाठवतो. खोक्यातली हवा, पाठीचं लाकूड, समोर बसलेल्याच्या कानापर्यंत जाणारा नाद, यातलं फार थोडं त्या पट्टीपर्यंत पोचतं. म्हणून केबल जोडली की स्वस्त आणि महाग गिटारी एकमेकींच्या जवळ येतात. जे पारखायचं तेच तेव्हा झाकलं जातं. लाकूड आणि बांधणी पारखायची तर केबल काढून. केबल जोडायची ती फक्त पिकअप ठीक आहे ना, हे पाहायला, आणि तीही सगळ्यात शेवटी.

आता पैशांचं. एफ २८० ही यामाहाची साधी गिटार आणि एफएक्स २८० हे तिचंच पिकअप बसवलेलं रूप. पिकअप, प्रीॲम्प आणि त्यातला ट्यूनर, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र, यांचे पैसे वरचे. ज्या घरात पैसे मोजून काढलेले असतात तिथे तेच पैसे वरच्या दर्जाच्या साध्या गिटारीत, चांगल्या तारांत, जाड अस्तराच्या पिशवीत किंवा क्लासच्या फीमध्ये घातले तर मुलाला रोज उपयोग होतो. दहा वर्षांचं पोर वर्षभर तरी घराच्या ओसरीवरच वाजवणार आहे. ट्यूनर आहे म्हणून पिकअपवाली घ्या असंही सांगतात. चिमट्याचा ट्यूनर काही शे रुपयांत मिळतो आणि मोबाइलवर फुकट.

मुलगा पुढे स्टेजवर जायला लागला तर? तर पिकअप नंतर बसवता येतो. गिटारच्या तोंडात, म्हणजे मधल्या गोल भोकात, अडकवायचा चुंबकीय पिकअप मिळतो, घोडीजवळ चिकटवायचा मिळतो आणि जाणकार कारागीर सॅडलखालीही बसवून देतो. खोका मात्र नंतर बदलता येत नाही.

खोक्यावर मी मुद्दाम थांबते, कारण नवशिक्याने सगळ्यात आधी पाहायची गोष्ट ती आहे आणि लेखात तिला एक ओळसुद्धा नव्हती. एफएक्स २८० आणि एडी ८१० ई या ड्रेडनॉट घडणीच्या, रुंद खांद्यांच्या. ही घडण मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये आणली आणि आज दुकानाच्या भिंतीवर बहुतेक तीच टांगलेली दिसते. आवाज भरदार, पण माझी उंची पाच फुटांच्या आसपास. उजवा हात खोक्यावरून टाकला की खांदा वर उचलला जायचा आणि पाऊण तासाने मान भरून यायची. एफएस जातीची गिटार अंगाने लहान. यामाहाच्या ८०० मालिकेत मोठ्या अंगाच्या एफजीची तार घोडीपासून डोक्यापर्यंत ६५० मिलिमीटर, एफएसची ६३४. सोळा मिलिमीटर कागदावर काहीच नाही, पण एफ कॉर्ड, म्हणजे एका बोटाने अनेक तारा दाबून धरायचा अवघड सूरगट, धरताना मानेवरची पहिली पट्टी (फ्रेट) तेवढी जवळ येते आणि ताणही कमी लागतो. मी एफएसएक्स ८०सी घेतली. उंच, लांब हातांच्या माणसाला मी ड्रेडनॉटच घ्यायला सांगेन. मुलींना आणि लहान मुलांना मात्र आधी लहान खोका मांडीवर देऊन बघावा. "सवय होईल" म्हणून मोठी गळ्यात मारू नये.

एपीएक्स ६०० बद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण तिला बघताच मुलं भुलतात. एपीएक्स ही मालिका यामाहाने १९८७ मध्ये स्टेजवर वाजवणाऱ्यांसाठी आणली. तिच्या खोक्याची जाडी ८० ते ९० मिलिमीटर. एफजी ८०० ची १०० ते ११८. खोका पातळ म्हणून आतली हवा कमी, आणि मोठ्या स्पीकरजवळ उभं राहिलं तरी गिटार सहज घुमू लागत नाही. ऑर्केस्ट्रात किंवा चर्चच्या गायनात उभं राहून वाजवणाऱ्याला ती योग्यच आहे. पण घरी, केबलशिवाय, तिचा आवाज बारीक पडतो. ज्याच्या घरी ॲम्प नाही त्या नवशिक्याला तो रोज बारीकच ऐकू येणार आणि आपलंच वाजवणं अशक्त आहे असं त्याला वाटत राहणार.

आणखी एक गोष्ट शहरातले लेखक सांगत नाहीत. सॉलिड टॉप, म्हणजे पुढची फळी अखंड लाकडाची असलेली गिटार उत्तम वाजते, यात वाद नाही. फेंडरची सीडी ६० एससीई किंवा यामाहाची एफएसएक्स ८००सी हातात घेतली की कळतं. पण गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आमच्याकडे जुलैत हवा कित्येक दिवस नव्वदीच्या वर असते. अखंड फळी ओल पिते, घोडीमागे फुगते, तारा वर उचलल्या जातात. एसी नसलेल्या कोकणातल्या घरात प्लायची फळी कमी कुरकुर करते. ती घेण्यात काहीही कमीपणा नाही. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या बदलाव्यात. प्रीॲम्पमधला सेल पावसाळ्यात काढून ठेवावा, फुटला तर आतले पत्रे खातो. वाजवून झालं की केबलही उपसून ठेवावी, कारण बहुतेक गिटारींत केबल खोचली की प्रीॲम्प सुरू होतो आणि रात्रभरात सेल बसतो.

दुकानात पालकांनी स्वतः करून बघावी अशी एक परीक्षा सांगते. तारा सुरात लावून घ्याव्यात आणि मानेवरच्या बाराव्या पट्टीवर, पट्टी आणि सगळ्यात जाड तार यांच्यामध्ये एटीएम कार्डं एकावर एक ठेवून सरकवावीत. एक कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं. तीन कार्डं तारेला जेमतेम लागून गेली तर उंची ठीक आहे. चौथंही ढिलं जात असेल तर तारा फार उंच आहेत. मुलाची बोटं सोलवटतील आणि गिटार महिन्याभरात कपाटावर जाईल. अशी गिटार वाईटच असते असं नाही. मानेतला रॉड पिळून आणि सॅडल घासून तारा खाली आणता येतात. पण पिकअपवाल्या गिटारीचं सॅडल घासायला जपूनच द्यावं. त्याचा तळ अगदी सपाट राहिला नाही तर पिझोच्या पट्टीवर सगळीकडे सारखा दाब पडत नाही आणि केबल जोडली की एखादी तार दबून जाते. म्हणून शेवटी केबल जोडून, रिव्हर्ब बंद आणि सगळ्या कळा मध्यावर ठेवून, सहाही तारा एकेक करून सारख्या जोराने वाजवायला सांगाव्यात.

हे काम करून देणारा माणूस जिल्ह्याच्या गावात सापडत नाही, हे खरं दुखणं आहे. शेजारच्या मिरजेत सतार-तानपुऱ्याची जवारी काढणाऱ्या, म्हणजे घोडी घासून नाद जुळवणाऱ्या, कारागिरांची घराणी आहेत, तिथल्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गिटार घेणाऱ्या रत्नागिरीच्या पोराला पुठ्ठ्याचं खोकं उघडून जशी आली तशी हातात मिळते. विक्रेत्यांनी विकण्यापूर्वी तारांची उंची लावून द्यावी आणि ती बिलावर लिहावी, ही माझी मागणी आहे. चष्मा विकणारा नंबर तपासतोच ना?

ज्यांनी मला फोन केले त्यांना मी एफएस ८०सी किंवा एफ २८० सुचवली आहे, पिकअपशिवायची, मुलाच्या मांडीवर ठेवून बघून. चर्चमध्ये दर रविवारी वाजवणाऱ्या एका तरुणाला मात्र मीच एपीएक्स घ्यायला सांगितलं. आपण पुन्हा या विषयावर लिहाल तेव्हा मॉडेलांच्या यादीआधी वाजवणार कुठे आणि वाजवणाऱ्याचं अंग केवढं, हे दोन प्रश्न छापावेत. दिवाळीच्या तोंडावर बरीच घरं ही खरेदी करतात, तेव्हा ते त्याआधी यावं ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, रत्नागिरी
(नाव प्रसिद्धीसाठी नाही)