मनूला पत्र, मेजर गेला त्या आठवड्यात, एप्रिल 2018

प्रिय मनू,

रविवारी तुझ्या मोटरसायकलवरून वाद झाला आणि मी फोन कट केला, ते चुकलं. आई असती तर तिने मला चांगलं झापलं असतं. मराठीत लिहितोय, सावकाश वाच, अडलं तर शरूमावशीला विचार. इंग्रजीत मला मनातलं लिहिता येत नाही.

तुझ्या गाडीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय. बातमी वेगळी आहे. इव्हान मेजर गेला, आमचा स्पीडवेचा वर्ल्ड चॅम्पियन, ब्रेक नसलेल्या मोटरसायकलींची मातीच्या गोल ट्रॅकवरची रेस ती. सोमवारी, 16 एप्रिलला, ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला. 78 वर्षांचा होता. गेली काही वर्षं त्याला डिमेन्शिया होता, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, तरी बातमी वाचून मी किचनमध्ये तसाच उभा राहिलो, चहा उतू गेला.

आडनावाचं स्पेलिंग बघून कुणीही मॉगर वाचेल, पण उच्चार मेजर. 1970 साली मी मँचेस्टरला ट्रॅफर्ड पार्कात कामाला लागलो तेव्हा फोरमन म्हणाला, शनिवारी बेल व्ह्यूला, तिथल्या स्पीडवे टीमच्या ट्रॅकवर चल, तुला मेजर दाखवतो. मला वाटलं लष्करातले कुणी साहेब असणार, मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो. घरी आलो तेव्हा शर्टभर ट्रॅकवरच्या मातीचे तांबडे ठिपके, आपल्याकडच्या पहिल्या पावसात उडतात तसे. आणि तो वास! इंजिनात घालायचं कॅस्ट्रॉल आर हे तेल एरंडेलापासून बनतं हे मला खूप नंतर कळलं, पण त्या दिवशी पिट्सजवळ, म्हणजे गाड्या तयार करतात तिथे, उभा राहिलो आणि एकदम चिपळूणचं घर, आजी नाक दाबून एरंडेल पाजतेय, अप्पा पडवीत बसलेत. इथे येऊन चार महिने झाले होते, कुणाशी मराठीचा एक शब्द बोललो नव्हतो. त्या गर्दीत मला रडू आलं गं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

मेजर रेसच्या आधी कुणाकडे बघायचा नाही. त्याची गाडी इतकी स्वच्छ की बाकीच्यांच्या गाड्या शेजारी भंगार वाटायच्या. सुरुवातीची टेप वर जायची आणि पहिलं वळण यायच्या आत तो पुढे गेलेला असायचा, डावा पाय खाली, त्या बुटाला लोखंडी तळ, मागचं चाक अख्खं बाहेर फेकलेलं, आणि डोकं मात्र देवघरातल्या समईसारखं स्थिर. चार फेऱ्या, सव्वा मिनिटात खेळ खलास. 70, 71, 72, तीन वर्षं ओळीने आम्ही लीग जिंकलो. 'आम्ही' म्हणतोय बघ. या देशात आपण आम्ही म्हणायला मी तिथे शिकलो.

त्याचं मला सगळ्यात काय आवडायचं माहितेय? 1957 साली 17 वर्षांचा पोरगा न्यूझीलंडहून इतक्या लांब विंबल्डनला आला आणि जमलं नाही. परत गेला. मग 1963 ला पुन्हा आला, न्यूकॅसलकडून, आणि 68, 69, 70 असा तीन वर्षं सलग वर्ल्ड चॅम्पियन. तिसऱ्यांदा जिंकलास तर तुझी गाडी सोन्याने मढवू असं दोन अमेरिकन चाहते बोलले होते आणि त्यांनी खरंच मढवली! ती आता क्राइस्टचर्चच्या म्युझियममध्ये आहे. 72 ला चौथं टायटल, 73 ला पोलंडमध्ये बरोबरी झाल्यावरच्या जादा रेसला पुढच्याच्या चाकाला लागून पडला आणि दुसरा आला, लोक म्हणाले संपला. त्यानंतर 77 आणि 79. शेवटचं जिंकला तेव्हा 39 वर्षांचा होता. तू मागच्या वर्षी परीक्षेत नापास झालीस तेव्हा मला हेच सांगायचं होतं, आणि मी सांगितलं काय तर अभ्यास कमी पडला. ते राहूनच गेलं.

काल आम्ही जुने चौघं भेटलो. बेल व्ह्यूचा जुना ट्रॅक होता त्या हाइड रोडला आता गाड्यांचा लिलाव होतो, त्याच्या समोरच्या कॅफेत बसलो. एकाने जुने प्रोग्राम आणले होते, पेन्सिलने लिहिलेल्या स्कोअरसकट. मेजरच्या नावापुढे रेस जिंकल्याचे गुण, तीन, तीन, तीन, तीन. आम्ही नुसतं त्या आकड्यांवरून बोट फिरवत होतो. मग विषय पीटर क्रेव्हनवर गेला, तो मी पाहिलेला नाही, माझ्या आधीचा, बेल व्ह्यूचाच, दोनदा वर्ल्ड चॅम्पियन. 1963 च्या सप्टेंबरात एडिंबरोला पुढे पडलेल्या रायडरला वाचवायला त्याने गाडी वळवली आणि कठड्यावर गेला. चार दिवसांनी वारला. 29 वर्षांचा. 55 वर्षं होत आली तरी सांगणाऱ्याचा आवाज कापत होता.

आणि मनू, ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जात असतात, डावीकडेच. समोरून कुणी येत नाही, ट्रक नाहीत, फोनवर बोलणारे ड्रायव्हर नाहीत, कोपऱ्यावर अँब्युलन्स उभी असते. तुझ्या रस्त्यावर काय आहे? नाइट ड्यूटी करून झोपेत तू 650 ची गाडी चालवणार, लीड्सचा पाऊस, आणि एम 62 मोटरवेवर वरच्या बाजूला वारा कसा असतो ते मी कारमध्ये बसून अनुभवलंय. बाळूकाकाचं तुला माहीतच आहे. त्यानेही हेल्मेट घातलं होतं. आत्याने अजून त्याचा फोटो बाहेरच्या खोलीत लावलेला नाही. तू डॉक्टर आहेस, असे पेशंट तुझ्याकडेच येतात, तरी तुला कळू नये?

बघ, काढलाच विषय. माफ कर. खोडणार होतो पण राहू दे.

तू म्हणालीस, बाबा, तुम्हीच मला रेसला नेलं होतं. खरंय. 87 साली हाइड रोड बंद व्हायच्या आधी मी तुला नेलं, आई नको म्हणत होती, तू पाच वर्षांची, माझ्या खांद्यावर, कानावर माझेच हात. तू विचारलंस की ब्रेक नाहीत तर ते थांबतात कसे. मी सांगितलं की गाडी आडवी घालतात, वळता वळताच वेग उतरतो. घरी येऊन तू तुझी तीनचाकी पॅसेजमध्ये आडवी घालत होतीस, गुडघा फुटला, रडली नाहीस. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटलो होतो. कालही सांगितलं, आमची मनू पहिल्या फटक्यात टेस्ट पास झाली, चेन स्वतः साफ करते. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि रात्री तीनला जाग आली, तुझी ड्यूटी कधी सुटते ते आठवत बसलो. सहाला उठून आंघोळ केली.

तुझ्या गाडीला ब्रेक आहेत, चांगले आहेत, तू सांगितलंस, मी ऐकलं. एवढंच कर, घरी पोचलीस की मेसेज टाक. नुसतं 'पोचले' लिही.

मेजरचे प्रोग्राम मी मागून आणलेत, तुला दाखवायचेत. पुढच्या शनिवारी ये. गॅरेजमधला जुना फ्रिज हलवायला शेजारच्या पोराला सांगितलंय, गाडी आत लावता येईल, बाहेर ठेवू नकोस. पाऊस असला तर मात्र ट्रेनने ये, मी स्टेशनवर येतो.

तुझे बाबा