कच्च्या वाटेवरचे जादा दिवे

महोदय,

समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात, ही तक्रार आपल्या वाचकपत्रांत वरचेवर येते आणि ती रास्त आहे. यातले कितीतरी दिवे रात्री कच्च्या वाटांवर गाडी घालता यावी म्हणून बसवलेले असतात. खेदाची गोष्ट ही की त्या वाटांवरही ते धड उपयोगी पडत नाहीत. चूक दिवा निवडतानाच होते, म्हणून हे पत्र.

दुकानात विचारले जाते, ‘किती वॅटचा? किती लांब मारतो?’ भोर-वेल्ह्याकडचा मुरमाचा चढ असो की कोकणातली जांभ्याची वाट, गाडी तिथे ताशी १५-२० किलोमीटरनेच चालते. ताशी २०च्या वेगात, ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा दीड सेकंद धरूनही, सैल मातीवर ती साधारण १२ मीटरांत थांबते. अशा ठिकाणी अर्धा किलोमीटर जाणारा झोत काय कामाचा? चाकालगतचा चर, वळणाच्या आतल्या अंगाचा दगड, उतार कुठे तुटतो ती कड, हे दिसायला हवे. त्यासाठी ८-१० अंशांच्या अरुंद झोताचा दिवा (स्पॉट) नको, ६० अंशांच्या आसपास फाकणारा रुंद झोताचा दिवा (फ्लड) हवा. ताशी ६०ला थांबायला त्याच हिशेबाने सुमारे ६० मीटर लागतात. उघड्या माळावर असा वेग असेल तर लांब झोताची जोडी जरूर घ्यावी.

खोक्यावरचा लुमेनचा (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचा) आकडा बहुधा नुसत्या एलईडी चिपांची बेरीज असतो. काच, रिफ्लेक्टर आणि उष्णता यांत त्यातला बराच उजेड जातो. ‘एक लक्स’चे अंतर, म्हणजे जिथे पोचेपर्यंत उजेड एक लक्सवर उतरतो ते अंतर, दिले असेल तर तेही जपूनच वाचावे. एक लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या काही पट उजेड. तेवढ्यावर गाडी हाकता येत नाही.

टपावरचा लाइट बार, म्हणजे एलईडींची लांब आडवी पट्टी, आमच्या मते सह्याद्रीत सर्वात चुकीची निवड आहे. त्याचा उजेड बॉनेटवर पडून काचेतून डोळ्यांत येतो. पुढच्या गाडीचा फुफाटा असेल किंवा आंबोलीसारखे धुके, तर समोर पांढरी भिंतच उभी राहते, कारण दिवा नजरेच्या रेषेजवळ असला की कणांवरून परतलेला उजेड थेट डोळ्यांकडे येतो. म्हणून दिवे बंपरच्या उंचीवर, रंग ३००० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगछटेचे माप) आसपासचा पिवळसर. ६००० केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा दुकानात झगझगीत दिसतो, पावसात तोच डोळे थकवतो.

दिवा चांगला असूनही उजेड मंद पडला, तर दोष बहुतेकदा वायरिंगमध्ये सापडतो. ५५ वॅटचे दोन हॅलोजन सुमारे ९ अँपिअर ओढतात. ते हेडलाइटच्या स्विचवरून घेतले की स्विच वितळतो. ४० अँपिअरचा रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज घ्यावा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. त्याच्या अलीकडची वायर घासून बॉडीला टेकली तर तिला वाचवणारे काही नसते. रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला बॅटरीचा पुरवठा, ८७वरून दिवे, ८६ला स्विचमार्गे अप्परची वायर, ८५ अर्थला. त्यामुळे अप्परवरून डिप्परवर येताच जादा दिवे आपोआप विझतात. काही गाड्यांत हेडलाइटची निगेटिव्ह बाजू स्विच होते, तेव्हा आधी टेस्ट लॅम्पने पाहून घ्यावे. अर्थ गंजक्या बोल्टला न देता बॅटरीच्या निगेटिव्हला द्यावा. वाटेत एक व्होल्ट गळाला तरी हॅलोजनचा जवळपास पाव उजेड जातो. स्वस्त एलईडी बारच्या ड्रायव्हरमुळे (आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटमुळे) वॉकीटॉकीत खरखर येते. विकत घेण्यापूर्वी शेजारी सेट चालू करून बघावा.

बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, हादऱ्यांनी सैल न होणारे) लावावेत. लांब बारला दोन टोकांचा आधार कमी पडतो. मध्येही एक ब्रॅकेट द्यावा, नाहीतर हादऱ्यांनी बार बसवायचे कान तुटतात. ओढ्यात गाडी घालण्याआधी दिवे काही मिनिटे बंद ठेवावेत. तापलेला दिवा थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. दिव्यावर लिहिलेले आयपी ६७ हे जलरोधकतेचे मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही सीलचे रबर शाबूत असेपर्यंत.

झोत लावताना गाडीत नेहमीची माणसे आणि सामान असावे, कारण मागे वजन पडले की नाक वर उचलले जाते. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून फ्लडच्या झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा २० सेंटिमीटर खाली आणावी.

राहिला कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११नुसार नोंदणी प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. दुकानदारांनी हे दिवा विकतानाच सांगावे, अशी आमची विनंती आहे. वाट संपून डांबरी लागली की जादा दिव्यांचा स्विच बंद करावा आणि त्यांवर काळी झाकणे चढवावीत.

आपले,
सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर गाडी चालवणारे काही वाचक, भोर (जि. पुणे)