दुखणे पोटाचे, ईसीजी हृदयाचा

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तू त्या रुग्णाविषयी सांगत होतास, तेवढ्यात तुला वॉर्डातून हाक आली आणि बोलणे अर्धवट राहिले. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने दाखल झालेल्या 34 वर्षांच्या माणसाच्या ईसीजीत टी लहरी उलट्या आहेत, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगणारे ट्रोपोनिन किंचित वाढलेले आहे, आणि ‘पॅन्क्रियाटायटिसमध्ये असे दिसतेच’ म्हणून तुझ्या सीनियरने विषय मिटवला, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले. सीनियरचे म्हणणे खोटे नाही; पण तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे.

या आजारात निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या ईसीजीत काही ना काही बदल आढळतात. रक्तातील कॅल्शियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम उतरते, स्वादुपिंडातून सुटलेली पाचकद्रव्ये आणि दाहाची रसायने हृदयाच्या स्नायूला त्रास देतात, शिवाय पोट आणि हृदय दोन्हींकडे जाणारी व्हेगस नस चाळवली की ठोके मंदावतात. बहुतेक बदल दाह ओसरला की निवळतात. क्वचित मात्र ईसीजी हुबेहूब हार्ट अटॅकसारखा दिसतो आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या तपासल्या तर स्वच्छ निघतात.

असा एक ईसीजी मी हातात धरलेला आहे. तू तेव्हा दुसरीत असशील. गळिताचा हंगाम होता. रात्री अडीचच्या सुमारास एका ट्रॅक्टरचालकाला आणले. घामाने डबडबलेला, नाडी मंद, दुखणे छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या खळगीत. हृदयाची खालची भिंत दाखवणाऱ्या दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी उचललेला, म्हणजे हार्ट अटॅकचीच खूण. आमच्याकडे अँजिओग्राफीची सोय नव्हती; गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजची 15 लाख युनिटे तासाभरात देणे एवढाच उपाय हाताशी होता. कुपीतली पांढरी पूड फेस होऊ नये म्हणून हलक्या हाताने फिरवत मी विरघळवत होते, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, ‘‘मॅडम, यांना आडवं केलं की ओरडतात, उशी पोटाशी धरून पुढं वाकले की गप्प होतात.’’ मी कुपी खाली ठेवली आणि बेंबीच्या वर हात ठेवला. जरासे दाबताच त्याने माझे मनगट घट्ट पकडले. बाहेर बसलेल्या बायकोला विचारले तेव्हा तीन दिवसांपासून चाललेल्या दारूचा उलगडा झाला. सकाळी रक्तात अमायलेज हे स्वादुपिंडाचे पाचकद्रव्य कमाल मर्यादेच्या कितीतरी पट आले, आणि पुढे मोठ्या रुग्णालयात केलेल्या अँजिओग्राफीत एकही रोहिणी बंद नव्हती. ते औषध गेले असते, तर सुजलेल्या स्वादुपिंडात रक्तस्राव होऊन माणूस हातचा गेला असता. ईसीजीचा कागद पाहून मी पोट तपासायचे विसरले होते. सिस्टर विसरल्या नव्हत्या.

हा प्रसंग ऐकून तू उलट्या टोकाला जाऊ नकोस. हृदयाच्या खालच्या भिंतीचा खराखुरा झटकाही पोटदुखीचे सोंग घेऊन येतो, आणि तुझ्या रुग्णाचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, एक हजाराच्या वर असेल, तर त्याच्या रोहिण्यांना वयाचा दाखला चालणार नाही. ट्रोपोनिन दोन्हींत वाढू शकते. म्हणून ते काही तासांनी पुन्हा कर, ईसीजी पुन्हा काढ आणि खाटेजवळ इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घे. एकाच रोहिणीच्या वाट्याचा भाग हलत नसेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना तत्काळ बोलाव. हृदयाचे टोक फुगून मुळाचा भाग जोरात आकुंचन पावत असेल, तर ताकोत्सुबो, म्हणजे ताणामुळे हृदय तात्पुरते दुबळे होण्याचा विकार, मनात आण. त्यातून हृदय बहुधा काही आठवड्यांत सावरते, पण तोही निष्कर्ष रोहिण्या पाहिल्याशिवाय काढायचा नाही.

इको करताना हृदयावरणात पाणी आहे का, हेही पाहा. या आजारात रक्तदाब पडला की आपण सलाईन वाढवतो, कारण पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून पोटात साचते हे आपल्याला ठाऊक असते. पण रक्तदाब पडलेला असून मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या, तर हृदय बाहेरून दाबले जात असेल. जुन्या दारूच्या दुखण्यात तर क्वचित स्वादुपिंडापासून हृदयावरणापर्यंत वाटच तयार होते, आणि तिथून काढलेल्या पाण्यात अमायलेज भरमसाट सापडते. सलाईनबद्दलही हात जरा आवर. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ चाचणीत 249 रुग्ण होते. सढळ हाताने पाणी दिलेल्यांपैकी 20.5 टक्क्यांच्या अंगात पाणी जादा झाले, बेताने दिलेल्यांत 6.3 टक्क्यांच्या, आणि त्यामुळे ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. आमच्या वेळी बाटल्यांवर बाटल्या लावणे हीच हुशारी समजली जाई.

आता तुझ्या रुग्णाचे, कारण फोनवर तू कॅल्शियमचा आकडा सांगितलाच नाहीस. मृत चरबीतील आम्लांशी कॅल्शियमचा साबण बनतो आणि रक्तातले कॅल्शियम घसरते. मग ईसीजीतली क्यूटी, म्हणजे एका ठोक्यात हृदयाच्या कप्प्यांची विद्युत हालचाल सुरू होऊन संपेपर्यंतचा काळ, लांबते आणि हृदयाची लय बिघडू शकते. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर कॅल्शियमचा त्यानुसार दुरुस्त केलेला आकडा धर, मॅग्नेशियमही तपास, कारण ते कमी असेल तर कॅल्शियम कितीही दिले तरी टिकत नाही. आणि त्याच्या केसपेपरवर उलटीसाठी ओंडॅनसेट्रॉन लिहिलेले असणारच. तेही क्यूटी लांबवते. सकाळी राऊंडच्या आधी स्वतः पट्टीने क्यूटी मोज आणि ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला आकडा 500 मिलिसेकंदांच्या वर असेल, तर ते औषध बंद करण्याविषयी सीनियरशी बोल. इकोत काय दिसले ते मला संध्याकाळी कळव.

तुझी,
आई