सूचना : छपाई आता प्रिंट सर्व्हरमार्फतच

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, यापुढे प्रिंटर थेट जोडून घेऊ नये. छपाई कप्स सर्व्हरमार्फतच होईल; कप्स ही सर्वांची छपाईची कामे रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी प्रणाली आहे. पूर्वी ९१०० पोर्टवरून (म्हणजे सर्व्हरशिवाय थेट) जोडलेला प्रिंटर संगणकातील प्रिंटरच्या यादीतून काढून टाकावा. तो तसाच राहिला तर काम रांगेला बगल देऊन परस्पर प्रिंटरवर जाते आणि कोणाचे कुठे अडकले, याचा सर्व्हरला पत्ताच लागत नाही. नवी जोडणी आयपीपीने (नेटवर्कवरून छपाई करण्याची प्रमाणित पद्धत) करावी, पोर्ट ६३१. पत्त्यात आयपी क्रमांक नको, सर्व्हरचे नाव लिहावे.

प्रिंट आली नाही म्हणून तीच फाईल पुन्हा पुन्हा पाठवू नये (प्रिंटर सुरू झाला की सगळ्या प्रती एकदम बाहेर पडतात!). आधी रांग पाहावी. प्रिंटरमध्ये बिघाड झाल्यास रांग थांबते, अशी सेटिंग ठेवली आहे. नुसता कागद भरून ती चालू होत नाही, व्यवस्थापकाला कळवावे.