कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवा असं कृपा करून कुणाला सांगू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात पासवर्ड मोठा ठेवा, सगळीकडे एकच वापरू नका, ओटीपी कुणाला सांगू नका असं वरचेवर छापून येतं आणि ते यायलाच हवं. पण लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर चालणारी सिस्टीम, वापरणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट आहे जी कुणीच नीट लिहीत नाही आणि मला ती फार खटकते म्हणून आज बसून लिहितोय. कॉम्प्युटर चालू केला, डेस्कटॉप आला, ब्राउझर उघडला की मध्येच एक चौकोन येतो, तुम्ही लॉगिन केलं तेव्हा लॉगिन कीरिंग उघडली गेली नाही, पासवर्ड द्या. कीरिंग म्हणजे सेव्ह केलेले पासवर्ड कुलूपबंद ठेवायची जागा, पण लोकांना हे काय आहे तेच कळत नाही, आत्ताच तर कॉम्प्युटर चालू केला मग परत कसला पासवर्ड. मग ते कुणा जाणकाराला विचारतात आणि तो सांगतो की कीरिंगचा पासवर्ड बदल, नवीन जागा रिकामी ठेव आणि कंटिन्यू कर, परत कधी विचारणार नाही. खरंच परत विचारत नाही. पण त्याची किंमत काय मोजली हे त्या माणसाला कुणीच सांगत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका काकांचं उदाहरण देतो. उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार वापरतात, मेल एव्होल्यूशन नावाच्या मेलच्या प्रोग्राममध्ये बघतात, आणि लॉगिनला पासवर्ड नको म्हणून ऑटोलॉगिन चालू केलेलं. घरातल्याच कुणीतरी त्यांचा तो चौकोन वर सांगितलं तसा घालवून दिला होता. मध्ये त्यांच्या लॅपटॉपच्या निम्म्या कळा चालेनाशा झाल्या, दुरुस्तीला टाकायच्या आधी बॅकअप घेऊन दे म्हणाले म्हणून मी लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरच्याच लिनक्सने, मशीन चालू केलं, वेगळा कीबोर्ड जोडला आणि त्यांचं होम फोल्डर उघडलं. डिस्क एनक्रिप्ट, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी, केलेली नव्हती त्यामुळे मला एकही पासवर्ड लागला नाही. आत डॉट लोकल नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात शेअर, त्यात कीरिंग्ज. तिथली फाइल मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. चौकोनी कंसात एक आकडा, खाली डिस्प्ले-नेम, त्याखाली सिक्रेट, मग बरोबरचं चिन्ह, आणि त्यापुढे काकांच्या मेलचा पासवर्ड, जसाच्या तसा, मराठी शाळेत गेलेल्या पोरालाही वाचता येईल असा. मी ती खिडकी लगेच बंद केली पण आपण कुणाच्या तरी कपाटात डोकावलो असं वाटून दिवसभर चैन पडलं नाही. हाच लॅपटॉप मी न बघता तसाच दुरुस्तीला गेला असता तर तिथे ज्याच्या हातात पडला असता त्यालाही हे इतकंच सोपं होतं.

ग्नोम कीरिंगचा, म्हणजे उबुंटूच्या ग्नोम डेस्कटॉपसोबत येणाऱ्या कीरिंगचा, पासवर्ड रिकामा केला की ती फाइल एनक्रिप्ट होतच नाही, साधा मजकूर म्हणून लिहिली जाते. पासवर्ड असेल तर तीच फाइल एईएस 128 या एनक्रिप्शनच्या पद्धतीने बंद केलेली असते आणि उघडून बघितली तर नुसता कचरा दिसतो. त्याच काकांच्या फाइलमध्ये क्रोम सेफ स्टोरेज नावाची अजून एक नोंद होती. क्रोम आपले सगळे सेव्ह केलेले पासवर्ड स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो पण ते ज्या किल्लीने बंद करतो ती किल्ली कीरिंगमध्ये असते, म्हणजे ही एक नोंद उघडी पडली की त्यामागचे सगळे पासवर्ड उघडे. आणि काही लोक अजून एक उपाय सांगतात की क्रोम चालू करताना पासवर्ड-स्टोअर बेसिक असा पर्याय द्या म्हणजे कीरिंगला विचारणारच नाही, तर त्यात क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर बनतो त्या प्रोग्रामच्या, सोर्स कोडमध्येच लिहून ठेवलेला एक ठरलेला शब्द वापरला जातो, तो जगात सगळ्यांना माहीत आहे. कुलूप लावायचं आणि किल्ली दारावरच टांगून ठेवायची त्यातला प्रकार.

आता मुळात हा चौकोन येतो का. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं होतंय ते इथेच. कीरिंग बिघडलेली नसते, तिला किल्ली मिळालेली नसते. लिनक्समध्ये लॉगिनचं काम पॅम नावाची व्यवस्था बघते, 1995 मध्ये सन कंपनीतून आलेली कल्पना, लॉगिन करताना कुठली कुठली मॉड्यूल कुठल्या क्रमाने चालवायची याची यादी एका फाइलमध्ये असते. त्या यादीत ग्नोम कीरिंगचं मॉड्यूल दोनदा येतं. पहिल्यांदा ऑथ भागात, तिथे तुम्ही टाइप केलेला पासवर्ड ते स्वतःकडे धरून ठेवतं, आणि दुसऱ्यांदा सेशन भागात ऑटो-स्टार्ट असं लिहून, तिथे ते कीरिंगचा डेमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम, चालू करतं आणि मघाचा पासवर्ड त्याला देतं, त्या पासवर्डने लॉगिन कीरिंग उघडते. मग डेस्कटॉप चालू होताना त्याच डेमनला सांगितलं जातं की आता पासवर्डचं दुकान उघड, सर्टिफिकेटचं काम बघ वगैरे. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं आणि सगळं जागेवर असेल तर तुम्हाला कीरिंग नावाची काही वस्तू आहे हे आयुष्यभर कळत नाही. इतकी चांगली सोय आहे ही, मला तर लिनक्स डेस्कटॉपमधली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते.

पण यात सगळं अवलंबून आहे ते तुम्ही पासवर्ड टाइप करण्यावर. ऑटोलॉगिनमध्ये पासवर्ड टाइपच होत नाही, मग पॅम देणार काय. बोट लावून लॉगिन केलं तरी तेच, बोटातून पासवर्ड निघत नाही. म्हणून चौकोन येतो. दुसरं कारण म्हणजे लॉगिनचा पासवर्ड एक आणि कीरिंगचा वेगळा झालेला असणं. आपण स्वतः सेटिंगमधून पासवर्ड बदलला तर साधारणपणे कीरिंगचाही बदलतो कारण पॅमच्या पासवर्ड भागातही तेच मॉड्यूल असतं, पण पासवर्ड विसरला म्हणून कुणी रिकव्हरी मोडमध्ये जाऊन रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, नवीन घातला तर कीरिंगला पत्ताच नसतो, ती जुन्याच पासवर्डवर अडून बसते आणि ते बरोबरच आहे, नाहीतर रूट मिळालेल्या कुणालाही ती उघडता आली असती. जुना आठवत असेल तर सीहॉर्स म्हणून प्रोग्राम आहे, मेनूमध्ये पासवर्ड्स अँड कीज नावाने दिसतो, त्यात लॉगिन कीरिंगवर राइट क्लिक करून पासवर्ड बदलायचा आणि लॉगिनचा आहे तोच द्यायचा, झालं काम. आठवत नसेल तर ती फाइल बाजूला हलवून नवीन कीरिंग बनू द्यायची, आतले पासवर्ड गेले, परत भरावे लागतील. त्रास आहे पण एकदाच.

केडीई म्हणजे ग्नोमसारखाच दुसरा डेस्कटॉप, तो वापरणाऱ्यांचं कीरिंगच्या जागी असलेलं के-वॉलेट 2004 मध्ये केडीई 3.2 सोबत आलं, त्यातही पॅमने उघडायची सोय आहे पण अटी आहेत, वॉलेटचं नाव केडीईवॉलेट हेच हवं, एनक्रिप्शनचा ब्लोफिश प्रकार निवडलेला हवा, जीपीजी हा दुसरा प्रकार निवडला तर आपोआप उघडणार नाही, आणि पासवर्ड लॉगिनचाच हवा. पहिल्यांदा वॉलेट बनवताना जो विझार्ड येतो तिथेच लोक चुकतात, जीपीजी जास्त भारी असेल म्हणून ते निवडतात आणि मग रोज दोनदा पासवर्ड टाइप करत बसतात.

ज्यांनी पूर्ण डेस्कटॉप सोडून आय-थ्री नाहीतर स्वे असं फक्त खिडक्या मांडून देणारं काही घेतलंय त्यांची गोष्ट अजून वेगळी. माझंच सांगतो. मी स्वेवर आलो तेव्हा कीरिंगचे काही तुकडे चालू होईनात. कारण ऑटोस्टार्टच्या फोल्डरमध्ये ज्या फाइली असतात त्या स्वे स्वतःहून वाचत नाही, आणि वाचल्या तरी कीरिंगच्या फाइलीत ओन्ली-शो-इन अशी ओळ असते, ग्नोम वगैरे ठरावीक डेस्कटॉपसाठीच. मग मी इकडून तिकडून वाचून प्रोफाइलच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली, कीरिंग डेमन स्टार्ट करायची, आणि दुसरीकडे एसएसएच एजंट, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर जायची किल्ली सांभाळणारा प्रोग्राम, चालू करायची अजून एक, आधीची कधीतरी टाकलेली तशीच राहिलेली. झालं असं की टर्मिनलमध्ये किल्ली घातली की तिथे सर्व्हरवर व्यवस्थित जाता यायचं पण मेनूतून उघडलेला एडिटर मात्र दर वेळी किल्लीचा पासफ्रेज विचारायचा. दोन संध्याकाळी घालवल्या त्यात. शेवटी दोन्हीकडे एजंटचा पत्ता ज्यात असतो तो एसएसएच ऑथ सॉक हा व्हेरिएबल छापून बघितला तर टर्मिनलमध्ये एक पत्ता आणि एडिटरमध्ये दुसराच, म्हणजे दोन एजंट चालू होते आणि मी किल्ली एकाला देत होतो नि मागत होतो दुसऱ्याकडे. सगळ्या जुन्या ओळी काढल्या, सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधले प्रोग्राम चालू-बंद करणारी व्यवस्था, तिच्या यूजर सर्व्हिसमधून एकच एजंट सॉकेटने, म्हणजे त्याच्याशी बोलायच्या ठरलेल्या पत्त्याने, चालू केला, त्याचा पत्ता एन्व्हायर्नमेंट-डी फोल्डरमध्ये एकाच ठिकाणी लिहिला, तेव्हापासून तक्रार नाही.

आणि हे जुन्या ओळींचं प्रकरण आता जास्त जणांना भोवतंय कारण ग्नोम कीरिंगच्या 46 व्या आवृत्तीपासून, 2024 मधली ही, तिच्यातला एसएसएच एजंटचा भाग मूळ बांधणीत बंद केलाय आणि ते काम जीसीआर-एसएसएच-एजंट नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे गेलंय. सॉकेटची जागाही बदलली, आधी रनटाइम फोल्डरमध्ये कीरिंगच्या आत होतं ते आता जीसीआरच्या आत. ज्यांच्या प्रोफाइलमध्ये जुना पत्ता हाताने लिहिलेला आहे त्यांना अपडेटनंतर एजंट सापडत नाही आणि ते समजतात किल्लीच खराब झाली. किल्ली नवीन बनवू नका हो, फक्त पत्ता बदला.

तसंच पासवर्ड देणाऱ्या सेवेचं. सीक्रेट सर्व्हिस म्हणून एक ठरलेली पद्धत आहे, डी-बसवर, म्हणजे प्रोग्राम एकमेकांशी ज्या वाटेने बोलतात तिथे, एकच नाव, आणि ते नाव एका वेळी एकालाच मिळतं. ग्नोम कीरिंग ते घेऊ शकते, 2.5 आवृत्तीपासून कीपास-एक्ससी हा पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रामही घेऊ शकतो, आता केडीईचं वॉलेटही घेतं. जो आधी चालू झाला त्याचं नाव. दोन ठेवली तर आज ब्राउझर एकाकडे विचारतो उद्या दुसऱ्याकडे आणि सेव्ह केलेलं लॉगिन गायब झालं असं वाटतं. कुठलंही एक ठरवा आणि दुसरं लॉगिनला चालू होणार नाही असं करा, माझं मत विचाराल तर ज्यांना यात डोकं घालायचं नाही त्यांनी डेस्कटॉपसोबत आलेलंच ठेवावं.

मी कीरिंगला अभेद्य किल्ला म्हणत नाहीये. एकदा उघडली की तुमच्याच सेशनमध्ये चालणारा कुठलाही साधा प्रोग्राम तिच्याकडे पासवर्ड मागू शकतो, त्यापासून ती वाचवत नाही. ती वाचवते ते मशीन बंद असताना, चोरीला गेलं, दुरुस्तीला गेलं, जुनं म्हणून कुणाला देऊन टाकलं तेव्हा. आणि डिस्कच पूर्ण एनक्रिप्ट असेल तर रिकाम्या पासवर्डचा धोकाही बराच कमी होतो कारण फाइल त्या आतच असते, अशा माणसाने ऑटोलॉगिन केलं तर मी वाद घालणार नाही. पण रिकामा ठेव सांगणारा आधी डिस्कचं विचारतो का, मी तरी अजून कुणाला विचारताना बघितलं नाही.

तेव्हा दोन विनंत्या. एक तुम्हाला, तंत्रज्ञानाच्या पानावर जेव्हा लिनक्सबद्दल छापाल तेव्हा ऑटोलॉगिन आणि कीरिंगचं नातं दोन ओळीत तरी येऊ द्या. दुसरी लिनक्सच्या इन्स्टॉलरचं मराठी भाषांतर जी मंडळी स्वतःचा वेळ घालून करतात त्यांना आणि त्यांच्यामार्फत मूळ बनवणाऱ्यांना, जिथे आपोआप लॉगिन करा अशी टिक असते तिथेच खाली लिहा की ही टिक केली तर साठवलेले पासवर्ड उघडायला दर वेळी नंतर एकदा पासवर्ड विचारला जाईल, तो रिकामा ठेवू नका. टिक करतानाच कळलं तर माणूस विचार करून टिक करेल, नंतर वैतागलेला असताना त्याला काही ऐकायचं नसतं.

काकांच्या लॅपटॉपवरचं ऑटोलॉगिन मी त्यांना विचारून बंद केलं, कीरिंगला त्यांच्या लॉगिनचाच पासवर्ड दिला, आणि मेलचा पासवर्ड त्यांनी माझ्यासमोर स्वतः बदलला. आता चालू करताना एकदा टाइप करतात, तो चौकोन परत आलेला नाही.

आपला,
एक नियमित वाचक