रेशनचा नकार लेखी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी २८ वर्षं अंगणवाडी सेविका होते. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी वस्तीतल्या मंदिराच्या सभामंडपात वही घेऊन बसते. ज्यांना रेशन मिळायला हवं आणि मिळत नाही, त्यांचे कागद लावून देते.

याची सुरुवात वजनकाट्यापासून झाली. अंगणवाडीत दर महिन्याला मुलांची वजनं घ्यावी लागत. एका घरातल्या दोन्ही लेकरांची वजनं तीन महिने जागेवरच थांबली. आजारपण नव्हतं. घरी जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं, घरात माणसं पाच आणि धान्य येतं दोघांचं. कार्डावर फक्त सासू आणि मुलगा. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, जालना जिल्ह्यात. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथे नाव चढत नाही. ‘आईचं नाव आधी येऊ द्या, मग मुलांचं बघू,’ असं सांगून लेकरांनाही थांबवलेलं.

प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे ठरलेल्या उत्पन्नाच्या आतल्या घराला, माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे २५ किलोच्या जागी या घरात १० किलो येत होतं. वर्षाकाठी १८० किलो कमी. सून दाखल्यासाठी दोनदा माहेरी गेली. पहिल्या खेपेला संबंधित कर्मचारी रजेवर होता. एसटीचं भाडं आणि चार दिवसांची मजुरी गेली. नावं चढली तोवर थोरला शाळेत जायला लागला होता. ती वर्षं त्या पोरांच्या वाढीची होती, हे मी विसरू शकत नाही.

माझ्या वहीत चार रकाने आहेत. नाव, काय अडलं, काय सांगितलं आणि लेखी दिलं का. चौथा रकाना जवळपास कोरा आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘इष्टांक संपला’, ‘पुढच्या महिन्यात या’. सगळं तोंडी. रोजंदारीवरचा माणूस तोंडी नकार घेऊन घरी येतो आणि पुन्हा जात नाही. अर्ज आत घेतलाच नाही, तर तो नाकारल्याची नोंदही कुठे होत नाही. कागदावर सगळं सुरळीतच दिसतं.

इष्टांक म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं, याची ठरवून दिलेली संख्या. त्याची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी लाभार्थी आले. ग्रामीण भागातले ७६.३२ टक्के लोक, शहरांतले ४५.३४ टक्के. हा हिशेब २०११ च्या जनगणनेवरचा. त्यानंतर शहरांच्या कडेला किती वस्त्या उभ्या राहिल्या हे आपण सगळे पाहतो. उत्पन्नाची मर्यादा शहरात वर्षाला ५९ हजार आणि गावात ४४ हजार रुपये. शहरात महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. नवरा बिगारी आणि बायको धुणीभांडी करणारी असेल तर ते कुटुंब ही रेघ ओलांडतं, आणि तरी महिनाअखेर त्यांच्या घरात पीठ नसतं. ही मर्यादा वाढवायलाच हवी. पण ते होईपर्यंत, आजच्या नियमात बसणाऱ्यांना तरी का परत पाठवायचं? इष्टांक शिल्लक नसेल तर तसं लिहून द्या, अर्ज प्रतीक्षा यादीत ठेवा. कुणी वारतं, कुणी गाव सोडतं, नावं कमी होतात. ती जागा कुणाला मिळाली, हे मग विचारता तरी येईल.

अंगठ्याचं दुखणं वेगळंच. वस्तीत एक आजी आहेत, एकट्या. जन्मभर सिमेंट-वाळूत हात घातलेले, बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. ई-पॉस मशीन अंगठा घेत नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला, त्यामुळे ओटीपीही येत नाही. एका महिन्यात त्या पाच वेळा दुकानात गेल्या. धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, पण आजींचा डबा रिकामाच. दुकानदारावर माझा राग नाही, त्याच्या हातात मशीनच आहे. मात्र आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला परत पाठवू नका, अशी केंद्र सरकारची लेखी सूचना २४ ऑक्टोबर २०१७ पासून आहे. ती प्रत्येक रेशन दुकानाच्या फलकावर मोठ्या अक्षरात लावायला काय हरकत आहे?

कधी कधी नुसती माहिती पुरते. यवतमाळकडचं एक कुटुंब बांधकामावर आलेलं. कार्ड गावाकडे, म्हणून वर्षभर बाजारातून धान्य आणत होतं. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे कुठल्याही रेशन दुकानातून त्यांना धान्य उचलता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कार्डाचा बारा अंकी क्रमांक घेऊन गेले, अंगठा लागला आणि त्याच दिवशी धान्य घरी आलं. माझी त्यात दहा मिनिटं गेली असतील.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्जाची पोच द्यायची, मुदतीत काम करायचं, नाकारलं तर कारण लेखी कळवायचं, हे त्यात आहे. माझी मागणी याहून जास्त नाही. रेशनचं काम पाहणाऱ्या पुरवठा शाखेच्या खिडकीवर ‘नाही’ म्हणायचं असेल तर ते कागदावर म्हणा. आणि वाचकांना विनंती, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना एकदा विचारा, कार्डावर घरातली सगळी नावं आहेत का. नसतील तर एक दिवस त्यांच्याबरोबर जा. शिकलेलं माणूस शेजारी उभं असलं की अर्ज आत घेतला जातो, हे मी अनेकदा पाहिलंय. तक्रारीसाठी १९६७ आणि १८००-२२-४९५० हे क्रमांक आहेत. ते तुमच्या अंकात ठळक छापावेत.

त्या आजींचा अर्ज मी मागच्या सोमवारी स्वतः नेऊन दिला. पोच देत नव्हते. पाऊण तास तिथेच बसून राहिले, तेव्हा शिक्का मिळाला. ती पोच वहीच्या चौथ्या रकान्यात डकवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका